नितळ, गोडं आणि निर्जंतुक

पावसाळा तोंडावर आला, की आमच्या धर्मापुरीत घरोघरी एक तक्रार ऐकू येते. ‘आज नळाच्या पाण्याला पावडरचा वास येतोय.’ कुणी म्हणतं, औषध जास्त पडलं. कुणी हंडा तसाच मोरीत ओतून देतं. कुणी नळ सोडणाऱ्याला दटावतं, ‘बाबा, उद्यापासून ती पावडर टाकू नको. लेकरं पाणी पीत नाहीत.’ आणि ज्याच्या हाताशी चार पैसे आहेत, तो तालुक्याला जाऊन फिल्टरची चौकशी करून येतो. मी कविता लिहिणारा माणूस. बी.ए.पर्यंत शिकलो, ते भाषा विषय घेऊन. तरीही आजूबाजूचे लोक हे प्रश्न मला विचारतात. चाचा, हे पाणी प्यावं का? चाचा, मशीन कोणतं घ्यावं? विचारणाऱ्याला धड उत्तर देता यावं, म्हणून मी वाचत गेलो, जाणत्यांना विचारत गेलो. त्यातून जे हाती लागलं, ते आज आपल्यापुढे ठेवतो.

सुरुवात मी शब्दांपासूनच करतो. पाण्याला आपल्या भाषेत तीन चांगले शब्द आहेत. तळ दिसतो ते पाणी नितळ. खारट, मचूळ लागत नाही ते गोडं. आणि ज्यात रोगजंतू नाहीत ते निर्जंतुक. हे तीन गुण वेगवेगळे आहेत. नितळ पाणी जंतूंनी भरलेलं असू शकतं. गोड्या विहिरीतून कावीळ येऊ शकते. आणि पूर्ण निर्जंतुक पाणी इतकं खारट असू शकतं, की त्यात डाळ शिजू नये. बाजारात मात्र या तिन्हींसाठी ‘शुद्ध’ हा एकच शब्द वापरतात, आणि आपली फसगत तिथूनच सुरू होते. गढूळपणा, जंतू आणि क्षार ही तीन दुखणी आहेत आणि तिघांची औषधं वेगळी आहेत. आपल्या पाण्याला कोणतं दुखणं आहे हे ठरवल्याशिवाय औषध घेऊ नये, एवढंच मला मुळात सांगायचं आहे.

आमच्याकडे वजूच्या पाण्याबाबत जुना नियम आहे. पाण्याचा रंग, चव आणि वास घाणीमुळे बदलला नसेल, तर ते पाक. हिंदू घरांतल्या आज्यासुद्धा पाणी याच तीन खुणांवर पारखत आल्या. डोळा, जीभ आणि नाक यांच्यावाचून माणसाजवळ दुसरं साधन नव्हतं, तेव्हाची ती पारख आहे आणि आपल्या जागी ती योग्यच आहे. पण पटकीचा जंतू पाण्यात उतरला, तरी रंग बदलत नाही, चव बदलत नाही, वास येत नाही. ही गोष्ट माणसाला फार उशिरा कळली. लंडनचे डॉक्टर जॉन स्नो यांनी १८५४ साली दाखवून दिलं, की एका विशिष्ट हापशाचं पाणी पिणाऱ्यांनाच पटकी होते आहे. पुढे तीस वर्षांनी, १८८४ साली, रॉबर्ट कॉख यांनी कलकत्त्यात पटकीचा जंतू नेमका ओळखला. तोवर आपल्याकडे पटकी आली, की मरीआईचा गाडा वाजतगाजत शिवेबाहेर नेऊन सोडत असत. पुढचं गाव तो आपल्या शिवेबाहेर ढकलत असे. गाडा शिवेबाहेर जाई, पण गावातला पाणवठा होता तसाच राही. आजही बहुतेक गावांच्या शिवेवर मरीआईचं ठाणं दिसतं. पाण्याने नेलेल्या माणसांची ती आठवण आहे, असं मला वाटतं.

या जंतूंवर स्वस्त आणि खात्रीचा उपाय सापडला तो क्लोरीनचा. इंग्लंडमधल्या मेडस्टन गावात १८९७ साली विषमज्वराची साथ आली, तेव्हा तिथल्या पाणीपुरवठ्याला ब्लीचिंग पावडर दिली गेली. अमेरिकेतल्या जर्सी सिटीत १९०८ पासून शहराच्या पाण्याला रोज क्लोरीन देणं सुरू झालं. त्यावरून वाद थेट कोर्टात गेला. पाण्यात रसायन घालायचं म्हणजे काय, हा आपल्या गावातलाच प्रश्न तिथेही होता. कोर्टाने साक्षीपुरावे ऐकून ही पद्धत सुरक्षित आणि परिणामकारक ठरवली. त्यानंतर जगभरच्या शहरांतून विषमज्वर आणि पटकी हटत गेली. त्यात या पावडरचा वाटा फार मोठा आहे.

आपल्या ग्रामपंचायतीत जिला ‘टीसीएल’ म्हणतात, ती हीच ब्लीचिंग पावडर. ताज्या, चांगल्या पावडरमध्ये वजनाच्या साधारण ३३ टक्के क्लोरीन उपयोगाला येतो. हजार लिटर पाण्याला अडीच ते पाच ग्रॅम पावडर पुरते. हजार लिटर म्हणजे पन्नास-साठ हंडे आणि पाच ग्रॅम म्हणजे चहाचा एक चमचा. पाण्यात पडल्यावर क्लोरीनचं हायपोक्लोरस आम्ल होतं. ते जंतूच्या आवरणातून आत शिरतं आणि त्याचा कारभार बंद पाडतं. पण त्याला वेळ लागतो, निदान अर्धा तास. पावडर टाकली आणि लगेच नळ सोडला, तर वास येईल, काम होणार नाही.

दुसरी गोष्ट गढूळपणाची. पाण्यात माती आणि कुजका पाचोळा असेल, तर क्लोरीन त्यांच्यावरच खर्ची पडतो आणि जंतूंसाठी उरत नाही. म्हणून आधी तुरटी फिरवून पाणी निवळायचं, मग पावडर. पावडरसुद्धा टाकीत कोरडी फेकायची नसते. बादलीत थोड्या पाण्यात कालवायची, दहा मिनिटं निवळू द्यायची, वरचं पाणी टाकीत सोडायचं आणि खाली बसलेला चुना फेकून द्यायचा. पोतं उघडं राहिलं, उन्हात किंवा ओलीत राहिलं, तर त्यातला क्लोरीन उडून जातो. मग मागे राहते ती नुसती पांढरी भुकटी. ‘आम्ही टाकतो की रोज’ असं म्हणणाऱ्या गावातही साथ येते, तिचं हे एक कारण असू शकतं.

आता जो वास आपल्याला नकोसा वाटतो, त्याच्याकडे वळू. टाकीतून निघालेलं पाणी घरापर्यंत येताना जमिनीखालून येतं. पाइप कुठे गंजलेला असतो, कुठे गटाराला लागून जातो. नळ चालू असताना पाणी फटीतून बाहेर झिरपतं. नळ बंद झाला, की तीच फट बाहेरची घाण आत ओढून घेते. आपल्याकडे चार-चार दिवसांआड पाणी सुटतं, म्हणजे बहुतेक वेळ पाइप रिकामाच असतो. अशा वाटेवर पाण्यासोबत पहारेकरी हवा. जंतू मारून झाल्यावर पाण्यात जो थोडा क्लोरीन शिल्लक उरतो, तोच हा पहारेकरी. भारतीय मानक ब्युरोच्या आयएस १०५०० या मानकानुसार असा शिल्लक क्लोरीन लिटरमागे किमान ०.२ मिलिग्रॅम असावा. विषाणूंची भीती असेल तिथे ०.५. लिटरमागे ०.२ मिलिग्रॅम म्हणजे पन्नास लाख भाग पाण्यात एक भाग.

हा पहारेकरी आहे की नाही, हे पाहण्याची साधी तपासणी म्हणजे ‘ओटी टेस्ट’. बाटलीतल्या पाण्यात औषधाचे थेंब टाकले आणि पाणी पिवळं झालं, तर क्लोरीन आहे. रंग आला नाही, तर नाही. तपासलेलं पाणी मात्र फेकून द्यायचं, प्यायचं नाही. ही तपासणी टाकीखालच्या नळाला करून भागत नाही. ती गावाच्या शेवटच्या टोकाच्या घरी करावी लागते, कारण पहारेकरी तिथपर्यंत पोचला पाहिजे.

लोकांची भीती अगदीच बिनबुडाची आहे, असं मी म्हणणार नाही. याच क्लोरीनचा वायू पहिल्या महायुद्धात, १९१५ साली, बेल्जियममधल्या ईप्रच्या रणांगणावर विष म्हणून सोडला गेला होता. पण विष आणि औषध यांत प्रमाणाचाच फरक असतो. जागतिक आरोग्य संघटनेने पिण्याच्या पाण्यातल्या क्लोरीनची आरोग्याच्या दृष्टीने मर्यादा लिटरला ५ मिलिग्रॅम धरली आहे. आपल्या मानकातली वरची मर्यादा त्याहून खूप कमी, १ मिलिग्रॅम आहे. माणसाच्या जिभेला आणि नाकाला मात्र ०.३ पासून १ मिलिग्रॅमच्या आसपासच क्लोरीन जाणवू लागतो. म्हणजे अपाय होण्याच्या कितीतरी आधी नाक सांगतं. हलका वास आला, तर समजावं की पाण्याला पहारा आहे. वास झोंबण्याइतका उग्र असेल, तर ग्रामपंचायतीला जरूर सांगावं. पण ‘कमी टाका’ म्हणावं, ‘बंद करा’ म्हणू नये.

दुसरी शंका शिकलेली माणसं काढतात. क्लोरीनमुळे कर्करोग होतो म्हणे! तिच्यामागेही खरी गोष्ट आहे. रॉटरडॅमच्या पाणीपुरवठ्यात काम करणारे योहानेस रोक यांनी १९७४ साली दाखवलं, की पाण्यातल्या पालापाचोळ्याच्या अंशाशी क्लोरीनचा संयोग होऊन क्लोरोफॉर्मसारखे पदार्थ तयार होतात. त्यांना ट्रायहॅलोमिथेन म्हणतात. वर्षानुवर्षं ते जास्त प्रमाणात पोटात जाणं चांगलं नाही, म्हणून त्यांच्याही मर्यादा ठरल्या आहेत. नदी-तलावाच्या पाण्यात ते अधिक होतात, बोअरच्या पाण्यात पाचोळा नसल्याने कमी. पण जागतिक आरोग्य संघटनेने स्पष्ट म्हटलं आहे, की या पदार्थांचा धोका निर्जंतुक न केलेल्या पाण्याच्या धोक्यापुढे फारच लहान आहे. ते कमी करण्याच्या नादात जंतुनाशनात कसूर करू नये. हा उपाय पाणी आधी चांगलं निवळून, गाळून घेण्याचा आहे. पावडर बंद करण्याचा नव्हे.

क्लोरीन सगळं करतो, असं मात्र नाही. क्रिप्टोस्पोरिडियम नावाचा एक परजीवी त्याला दाद देत नाही. त्याला उकळी लागते. पाण्याला खळखळून एक मिनिट उकळी आली, की रोगजंतू मरतात. घरात तान्हं मूल, म्हातारं माणूस किंवा आजारी माणूस असेल, गावात जुलाबाची साथ असेल, तर पाणी उकळावं. सरपण किंवा गॅस परवडत नसेल, तर आरोग्य खात्याकडून मिळणारं मेडिक्लोर किंवा क्लोरीनच्या गोळ्या वापराव्यात. नागपूरच्या ‘नीरी’ संस्थेने अर्ध्या ग्रॅमची एक गोळी तयार केली होती. तिने वीस लिटर पाणी निर्जंतुक होतं. औषध कोणतंही असो, किती टाकायचं ते बाटलीवर किंवा पाकिटावर वाचूनच टाकावं आणि अर्धा तास थांबावं.

पहारेकरी नसला की काय होतं, याचं ताजं उदाहरण पुण्याचं आहे. जानेवारी २०२५ मध्ये सिंहगड रस्ता, नांदेड, किरकटवाडी या भागात जीबीएस म्हणजे गुलेन बारे सिंड्रोमचे रुग्ण एकाएकी वाढले. हातापायांतली शक्ती जाते, काहींना श्वासासाठी यंत्रावर ठेवावं लागतं, असा हा आजार. राज्यात दोनशेहून अधिक संशयित रुग्ण नोंदले गेले, काहींचे प्राण गेले. अनेक रुग्णांच्या तपासणीत पोटाच्या संसर्गाचे कॅम्पिलोबॅक्टर आणि नोरोव्हायरस हे जंतू सापडले. काही रुग्णांच्या घरच्या पाण्यात क्लोरीन अजिबात आढळला नाही. त्याच वेळी पालिकेने त्या भागातल्या खासगी आरओ केंद्रांचं पाणी तपासलं आणि दूषित नमुने निघालेली केंद्रं बंद केली. ही केंद्रं म्हणजे आपल्याकडे ज्याला ‘फिल्टरचं पाणी’ किंवा ‘जारचं पाणी’ म्हणतात, तीच.

हे कसं होतं, ते समजून घेण्यासारखं आहे. आरओ यंत्रात क्लोरीनने पडदा खराब होतो, म्हणून आधी कोळशाच्या गाळणीत क्लोरीन काढून टाकतात. पुढे पाणी पडद्यातून येतं ते चांगलंच असतं. पण आता त्याच्यासोबत पहारेकरी नाही. ते टाकीत साठतं, तिथून धुतलेल्या-न धुतलेल्या जारमध्ये भरलं जातं, टेम्पोतून फिरतं आणि लग्नाच्या मांडवात नाहीतर दुकानात उघडं राहतं. मध्ये एक घाणेरडा हात लागला, तरी पुरतो. पाणी थंड असतं, गोड लागतं, नितळ दिसतं. आपण त्याला विकतचं म्हणून शुद्ध मानतो. सील नसलेल्या, कुठे भरला ते ठाऊक नसलेल्या जारपेक्षा गावच्या टाकीचं, वास येणारं पाणी भरवशाचं असू शकतं.

मग घरात फिल्टर घ्यायचाच नाही का? घ्यावा, पण आपलं दुखणं ओळखून. आपला भाग काळ्या पाषाणाचा. बोअर दरवर्षी खोल जातात, पाणी जड होत जातं. साबणाला फेस येत नाही, भांड्याला पांढरा थर धरतो. हा क्षारांचा त्रास. पण त्याहून गंभीर गोष्ट नायट्रेटची आहे. शेतातली खतं, उकिरडे, गळके शोषखड्डे यांतून नायट्रेट जमिनीत मुरतं. केंद्रीय भूजल मंडळाच्या २०२४च्या अहवालात नायट्रेटचा त्रास सर्वाधिक असलेल्या देशातल्या १५ जिल्ह्यांत आपल्या बीडचं नाव आहे. मानकाप्रमाणे लिटरला ४५ मिलिग्रॅमच्या वर नायट्रेट नसावं. मोठ्या माणसाला त्याचा त्रास चटकन दिसत नाही. धोका असतो तो सहा महिन्यांच्या आतल्या बाळाला. त्याच्या रक्ताची प्राणवायू वाहण्याची ताकद घटते आणि अंग निळसर पडतं.

इथे एक गोष्ट माहेरी बाळंतपणाला आलेल्या प्रत्येक मुलीच्या आईने ऐकावी. नायट्रेट पाणी उकळल्याने जात नाही. उलट पाण्याची वाफ होते आणि नायट्रेट अधिक घट्ट होतं. क्लोरीनने ते जात नाही, मेणबत्तीच्या फिल्टरने जात नाही, दिव्याच्या यंत्रानेही जात नाही. म्हणून बोअरचं पाणी उकळून, त्यात पावडरचं दूध कालवून तान्ह्या बाळाला देणं, हा मायेने केलेला धोका आहे. सहा महिने बाळाला आईचं दूधच पुरतं, वरून पाण्याचा थेंबही लागत नाही. काही कारणाने वरचं दूध द्यावंच लागलं, तर नायट्रेट तपासलेलं पाणीच वापरावं.

तर पहिलं काम यंत्र घेण्याचं नसून पाणी तपासण्याचं आहे. भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेच्या जिल्हा आणि उपविभागीय प्रयोगशाळा आहेत. जलजीवन मिशनमध्ये गावोगाव पाच महिलांना पाणी तपासण्याचं प्रशिक्षण देण्याची आणि तपासणी संच देण्याची योजना आहे. वर्षातून दोनदा गावच्या पाणवठ्यांची पाहणी होऊन ग्रामपंचायतीला लाल, पिवळं किंवा हिरवं कार्ड मिळतं. आपल्या गावाचं कार्ड कोणत्या रंगाचं आहे, हे ग्रामसभेत विचारण्याचा हक्क आपल्याला आहे.

अहवाल हाती आला, की निवड सोपी होते. पाणी फक्त गढूळ असेल आणि टाकीत पावडर नियमित पडत असेल, तर फडक्याने गाळणं, तुरटी आणि साधा मेणबत्तीचा फिल्टर पुरतो. मेणबत्ती विषाणू अडवत नाही, पण क्लोरीन ते काम करतो. जंतूंची भीती आहे, क्षार मात्र मर्यादेत आहेत, असं असेल तर अतिनील दिव्याचं म्हणजे यूव्ही यंत्र किंवा बारीक छिद्रांच्या पडद्याचं यूएफ यंत्र घ्यावं. यूव्हीला वीज लागते आणि पाणी नितळ लागतं, कारण गढूळ पाण्यात प्रकाश आत पोचत नाही. यूएफ विजेशिवाय चालतं, ही भारनियमनाच्या गावात मोठी सोय. आरओ घ्यावं ते क्षार फार असतील, नायट्रेट किंवा फ्लोराइड मर्यादेबाहेर असेल तेव्हाच.

आरओ एक लिटर पाणी देतं, तेव्हा बहुधा दोन-तीन लिटर बाहेर सोडून देतं. ज्या मराठवाड्यात २०१६ साली मिरजेहून लातूरला रेल्वेने पाणी आणावं लागलं, तिथे हा हिशोब विसरून चालणार नाही. राष्ट्रीय हरित लवादानेही २०१९ साली सांगितलं होतं, की विरघळलेले क्षार लिटरला ५०० मिलिग्रॅमच्या खाली असतील तिथे आरओला बंदी घालावी. गरज म्हणून घेतलंच, तर सोडलेलं पाणी भांड्यांना, फरशीला वापरावं.

दारात येणाऱ्या विक्रेत्याच्या एका प्रयोगाविषयी सावध करतो. तो दोन पेले मांडतो, एकात आपल्या नळाचं पाणी, दुसऱ्यात त्याच्या यंत्राचं. दोन्हींत विजेच्या सळ्या बुडवतो. आपलं पाणी तांबूस, काळपट होतं, वर घाण तरंगते. त्याचं पाणी तसंच राहतं. घरातली बाई घाबरते आणि पंधरा हजारांची वस्तू हप्त्याने दारात येते. पण ती घाण पाण्यातली नसते. आपल्या पाण्यात क्षार असल्यामुळे त्यातून वीज वाहते आणि सळीचं लोखंड झिजून गंज बाहेर पडतो. क्षार नसलेल्या पाण्यातून वीज नीट वाहत नाही, म्हणून ते स्वच्छ राहतं. चिमूटभर मीठ त्याच्या पेल्यात टाकून पुन्हा सळ्या बुडवायला सांगा, तेही तांबूस होईल. पेनासारखं टीडीएस मीटरही फक्त एकूण क्षार मोजतं. जंतू किती, नायट्रेट किती, हे ते सांगू शकत नाही.

शेवटचं सांगणं घरातल्या शिस्तीचं. कोणतंही यंत्र बसवलं, तरी त्यातला कोळसा क्लोरीन शोषतो, म्हणजे यंत्रानंतरचं पाणी पहाऱ्याविना असतं. ते त्याच दिवशी प्यावं, यंत्राची टाकी धुवावी, कांड्या ठरल्या मुदतीत बदलाव्यात. चार दिवस गावाला जाऊन आल्यावर आधीचं साठलेलं पाणी सोडून द्यावं. वर्षाचा बदलण्याचा खर्च विचारूनच यंत्र घ्यावं. जुनी, तुंबलेली कांडी जंतूंचं घरटं होते. आणि ज्याला यंत्र परवडत नाही, त्याने मनात कमीपणा आणू नये. गाळलेलं पाणी, पावडर पडलेली टाकी, झाकलेला माठ आणि त्यात बुडवायला लांब दांड्याचं ओगराळं, एवढ्यावर घर निरोगी राहू शकतं. माठात हात बुडाला, तर मात्र महागातल्या महाग यंत्राची मेहनत वाया जाते.

घरातलं यंत्र एका घराला राखतं. टाकीत वेळेवर पडलेली चमचाभर पावडर सगळ्या गावाला राखते, त्यात ज्याच्या घरी यंत्र नाही तोही आला. म्हणून नळ सोडणाऱ्याला ‘पावडर टाकू नको’ म्हणण्याऐवजी ‘आज टाकलीस ना? किती वाजता?’ असं विचारायची सवय आपण लावून घेऊ.